अजूनही हवंय

मंगळवारी सकाळी ऑफिसात तिने कागदी कपातला चहा तोंडाला लावला न लावला तोच समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यातून एक लहानशी पाटी सरकत आत आली: तुमच्या तक्रारीवर नवीन उत्तर आलं आहे. आला वाटतं झाडूवाला, ती मनात म्हणाली. झाडूवाला म्हणजे हाडामासाचा कोणी नव्हे, एक आपोआप चालणारा प्रोग्राम. ज्या तक्रारीवर बरेच दिवस कोणी चकार शब्द काढलेला नाही तिच्या दारात जाऊन खाकरायचं, एवढंच त्याचं काम. 'इथे बऱ्याच दिवसांत हालचाल नाही. कोणाला गरज उरली नसेल तर ही तक्रार बंद करण्यात येईल.' मग तिने दोन शब्द लिहायचे, 'अजूनही हवंय', की झाडूवाला निमूट पुढच्या दारात. काही महिन्यांनी पुन्हा तो हजर, पुन्हा तिचे ते दोन शब्द. हे भिजत घोंगडं वर्षानुवर्षं दोघांनी मिळून सांभाळलं होतं. त्याने पिळायला घ्यायचं, हिने पुन्हा बुडवायचं. म्हणून सवयीनेच तिने पाटीवर टिचकी मारली, सवयीनेच बोटं त्या दोन शब्दांकडे निघाली, आणि वाटेतच थबकली. उत्तर झाडूवाल्याचं नव्हतं. 'नमस्कार,' कोणीतरी लिहिलं होतं, 'मला वाटतं हे मला जमलंय. तुमच्याकडे एकदा चालवून बघाल का?' नावाच्या जागी लिहिलं होतं लिंबू. शेजारी चित्रही लिंबाचंच, पिवळंधमक, एका बाजूने जरासं चेपलेलं. चहा भलत्याच नळीत शिरला. ती इतकी खोकली की शेजारच्या टेबलावरच्या बडबड्याने, म्हणजे सबंध हॉलमधल्या एकमेव माणसाने जो कोणाशीही, खुर्चीशीसुद्धा, गप्पा मारू शकायचा त्याने, मान वळवली. "ठसका लागला म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय," तो म्हणाला. "माझी?" ती म्हणाली. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "चहा गरम असेल मग."

मामला असा होता. तिची कंपनी शहरभरच्या लिफ्ट सांभाळायची. कोणती लिफ्ट कुठे, दोर कधी बदलला, दार कुठे अडकतं, सध्या कोणत्या मेकॅनिकच्या ताब्यात, हे सगळं एका डेटाबेसात. मेकॅनिक बदलला की जुन्या नावावर नवं नाव बसायचं. पण डेटाबेस मोठा संग्रही. जुनं काही फेकत नाही, माळ्यावर नेऊन ठेवतो. नीट विचारलंत तर सांगतो की अमुक दिवशी हे टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, जसं होतं तसं हे घ्या. पण विचारणार कसं? ऑफिसातला प्रत्येक प्रश्न आधी एका पार्सरच्या हातून जायचा. पार्सर म्हणजे दारावरचा माणूस समजा: तो प्रश्नाचे शब्द सुटे करतो, कशाला काय जोडलंय ते बघतो, आणि पटलं तरच आत सोडतो, उगाच कोणी चुकून सगळं पुसून टाकायला नको. हा पार्सर कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. कुठकुठल्या हौशी माणसांनी फावल्या वेळात तो लिहिलेला; कोणीही उघडून पाहावा, फुकट वापरावा, धमक असेल तर सुधारावा. त्याला ढीगभर गोष्टी कळायच्या. पण 'त्या दिवशी जसं होतं तसं' म्हटलं रे म्हटलं की गडी हटून बसायचा. लाल ओळ यायची: इथे हा शब्द अपेक्षित नव्हता. आतल्याला उत्तर ठाऊक आहे, बाहेरची प्रश्न घेऊन उभी आहे, आणि मधला म्हणतो की बाई, तुम्ही काय बोलताय ते मला कळत नाही. म्हणून नोकरीला नवी असताना, अंगात बळ होतं तेव्हा, तिने त्या हौशी मंडळींच्या इंटरनेटवरच्या चावडीवर तक्रार लिहिली होती, मुद्देसूद, उदाहरणासकट, शेवटी आभार मानून. कोणी हं की चूं केलं नाही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, मग दर शुक्रवारी टेबलाची एक कॉपी काढून ठेव. हाय काय नाय काय." घोडं अडलं होतं म्हणून गाढवावर भागलं. पुढे ती कॉपीसुद्धा कोणी मागेनासं झालं. खरं सांगायचं तर ते आता कोणालाच नको होतं. तिलाही नको होतं. 'अजूनही हवंय' हे धादांत खोटं होतं, निदान पार्सरपुरतं तरी.

संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले, आणि दिवा न लावताच थोडा वेळ उभी राहिली. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, ज्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे, नुसती भिंत, खिडकी नसलेली, जशी काही त्या इमारतीने हिच्याकडे पाठच फिरवली होती. पूर्वी इथे मैत्रीण राहायची तिच्यासोबत. मैत्रीण झोपेत बोलायची, आंघोळीत गायची, दुधाचं पातेलं हमखास करपवायची आणि वर म्हणायची, "करपलेलंच चांगलं लागतं, तुला कळत नाही." मग तिचं लग्न झालं. ती सामान घेऊन गेली तेव्हा भिंतीवर एक खुंटी मागे राहिली. हिने तिच्यावर कधी काही अडकवलं नाही. सुरुवातीला हिला एकटेपण फार आवडलं होतं. वा, काय ती शांतता, किल्ली जिथे ठेवली तिथेच सापडते. मग हळूहळू लक्षात आलं की जिथे ठेवलं तिथेच सगळं सापडतं, रोज, सगळं, आपणसुद्धा. रविवारी ताईचा फोन यायचा. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, दूरच्या शहरात, दोन मुलं, सासू आणि नवरा अशा गोतावळ्यात कमरेपर्यंत बुडालेली. ती फोन कानाखांद्यात धरून कपड्यांच्या घड्या घालायची आणि विचारायची, "काय ठके, काही अडलंय का?" ठकी म्हणजे लाकडी बाहुली, लहानपणी ही म्हणे एका जागी बसवली की तिथेच बसून राहायची, म्हणून. ही म्हणायची, "नाही, काही नाही." "बरं मग. जेवतेस ना वेळेवर?" आणि मागून एखादं पोर किंचाळायचं, आणि फोन संपायचा. दात दुखत होता त्या महिन्यात मात्र ताई रोज फोन करायची. किती छान दुखला होता तो दात.

दिवा लावून तिने लॅपटॉप उघडला. सरावासाठी म्हणून त्या टेबलाची एक खोटी आवृत्ती तिने कधीचीच घरी ठेवली होती, खोट्या लिफ्ट, खोटे मेकॅनिक. लिंबूने बदललेला पार्सर उतरवून घेतला, आपला जुना प्रश्न लिहिला, त्या दिवशी जसं होतं तसं दाखव, आणि बटण दाबलं. लाल ओळ. इथे हा शब्द अपेक्षित नव्हता. तिला, का कोण जाणे, हायसं वाटलं. 'माझ्याकडे चालत नाही,' तिने प्रामाणिकपणे लिहिलं, 'तीच चूक येते. तरी मनापासून आभार.' आणि ती भात टाकायला उठली. भात व्हायच्या आत उत्तर. 'अरेच्चा,' लिंबूने लिहिलं होतं, 'माझ्याकडे तर चालतंय. तुम्ही नेमकं काय लिहिता ते पाठवाल? आणि तारीख कशी लिहिता? आणि हे तुम्हाला कशासाठी लागतं, म्हणजे मला नीट डोळ्यासमोर येईल.' तिने ते पुन्हा वाचलं. कशासाठी लागतं. कोणीतरी तिला विचारत होतं. तिने भात उतरवला, तो तसाच झाकून ठेवला आणि लिहायला बसली. लिफ्टबद्दल लिहिलं, मेकॅनिकांबद्दल लिहिलं, त्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकबद्दल जो दोर बघून नव्हे, दोराला कान लावून सांगायचा की अजून वर्षभर मरण नाही याला. पाठवल्यावर वाटलं, अगं बाई, तक्रारीखाली कोणी एवढं लिहितं का. पण लिंबूने उत्तर दिलं की कान लावणारा माणूस फार आवडला, आणि आमच्याकडची लिफ्ट दर मजल्यावर उसासा टाकते.

लिंबू बाई की बुवा, कळायला मार्ग नव्हता. त्याच्या पानावर ना पत्ता, ना खरं नाव, नुसतं ते चेपलेलं लिंबू. लिहिण्याची ढबही अशी की थांग लागू नये. म्हणून ती मनातल्या मनात त्याला 'ते'च म्हणायला लागली: लिंबू आलं, लिंबू म्हणालं, आज लिंबाला उशीर झाला. बुधवारी लिंबू आलं. गुरुवारी लिंबू आलं. ते काहीतरी बदलायचं आणि म्हणायचं, आता बघा. ती बघायची, लाल ओळ यायची, ती तसं कळवायची, आणि मग चार ओळी कामाच्या, दोन बिनकामाच्या. ते कुठेतरी नोकरीला होतं, या कामाशी काडीचा संबंध नसलेल्या. पार्सरचा नाद त्याने स्वतःच लावून घेतला होता. 'इथे माझं हे पहिलंच काम,' त्याने लिहिलं, 'अजून कोणी माझं काही आत घेतलेलं नाही. तुमची तक्रार निवडली कारण तुम्ही इतकी वर्षं येऊन सांगत राहिलात. म्हटलं, या माणसाला खरंच हवं असणार.' हे तिने बसमध्ये उभ्याने वाचलं, एका हाताने दांडा धरून. बाहेर दुकानांच्या पाट्या पुसट होत मागे पळत होत्या आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचत आली आणि 'खरंच' या शब्दाशी अडली.

शनिवारी दुपारी तिला ते दिसलं. खिडकीतून भिंत पांढरीफेक चमकत होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची फरफटवत होतं, आणि ती लिंबूच्या नव्या सूचनेबरहुकूम पुन्हा सगळं चालवत होती, तेव्हा लाल ओळीच्या शेपटीला बारीक अक्षरातला आवृत्तीचा आकडा तिच्या डोळ्यांत शिरला. जुना. लिंबूचा नव्हेच. ती उतरवून घेत होती तो नवा पार्सर एका जागी पडत होता, आणि तिचा प्रोग्राम उचलत होता तो दुसऱ्याच जागेवरचा, वर्षांपूर्वीचा, बाबा आदमच्या काळातला. म्हणजे नवं कुलूप विकत आणायचं, ते खिशात ठेवायचं, जुन्याच कुलपाला किल्ली लावून बघायची आणि कुलूपवाल्याला सांगायचं, बाबा रे, लागत नाही. ही चूक या धंद्यातला प्रत्येक जण एकदा तरी करतो आणि कपाळावर हात मारून हसतो. तिने प्रोग्रामला नव्या जागेचा पत्ता दिला, बटण दाबलं. आणि टेबल आलं. गुपचूप, एका झटक्यात, कसलाही आवाज न करता. त्या दिवशी जसं होतं तसं, खोटे मेकॅनिक आपापल्या जुन्या जागी, जसे काही तिथून हललेच नव्हते. मंगळवारपासूनच चालत होतं ते. लिंबूला पहिल्या फटक्यात जमलं होतं. तिने उत्तराच्या चौकटीत लिहिलं, 'चाललं.' मग त्या शब्दाकडे बघत राहिली. हा शब्द पाठवला की काय होणार ते तिला पाठ होतं. लिंबू म्हणणार, वा. राखणदार, म्हणजे काय आत घ्यायचं आणि काय नाही हे ठरवणारा त्या चावडीवरचा जुना माणूस, तो येऊन काम आत घेणार. तक्रारीवर शिक्का बसणार. मग लिंबूला तिच्याशी बोलायचं कारणच काय? ती कोण, लिंबू कोण? तिने शब्द खोडला. नंतर सांगू, ती म्हणाली. आजचा दिवस जाऊ दे.

शाळेत गणिताच्या बाई होत्या. उंच, किंचित पोक आलेल्या, हाताला कायम खडूचा वास. तास संपला की ही वही घेऊन त्यांच्याकडे जायची आणि म्हणायची, बाई, हे नाही कळलं. कळलेलं असायचं, लख्ख कळलेलं असायचं. पण बाई मग शेजारी बाकावर बसायच्या, त्यांचं कोपर हिच्या कोपराला लागायचं, आणि त्या फक्त हिच्यासाठी, सगळ्या वर्गासाठी नव्हे, हलक्या आवाजात तेच गणित पुन्हा पहिल्यापासून सोडवायच्या. ही मान हलवायची. 'आता कळलं?' 'थोडंसं.' त्या थोडंसंमध्ये काय गोडी होती. घरी ताईची शिकवणी, ताईचे निकाल, ताईच्या अंगावर फ्रॉक बेतणं. इथे एक मोठं माणूस हिच्याशी आणि हिच्याशीच बोलत होतं. आणि मग एकदा पालकांच्या सभेत बाईंनी आईला सांगितलं, अगदी मायेने, "मुलगी गुणी आहे हो, पण डोकं जरा संथ आहे. हिच्यावर फार ओझं टाकू नका." आईने घरी येऊन जेवताना हिच्या पानात जास्तीचं वाढलं. पुढच्या वर्षी हिला संथ मुलांच्या तुकडीत घातलं. बाई त्या तुकडीला शिकवत नव्हत्या. ही त्या वर्गात भराभरा गणितं सोडवून खिडकीबाहेर बघत बसायची, आणि व्हरांड्यातून बाई जाताना दिसल्या की वही उघडायची, जणू त्या आत येतील. त्या हसून पुढे जायच्या. वही उघडीच राहायची.

रविवारी ताईचा फोन आला. "काय ठके, काही अडलंय का?" "नाही. मी लिंबूशी बोलत होते." "कोणाशी?" "लिंबू. त्याचं नाव लिंबू आहे." ताईच्या घड्या थांबल्याचं हिला फोनमधून कळलं. "मुलगा आहे की मुलगी?" "माहीत नाही." "वय?" "माहीत नाही." "राहतं कुठे?" "तेही नाही माहीत." "मग माहीत काय आहे तुला?" ही जरा विचार करून म्हणाली, "त्यांची लिफ्ट उसासे टाकते." ताई हसली, आधी नाकातून, मग मोकळी. "बाई गं, तुझं काही खरं नाही. काय बोलता तरी काय तुम्ही?" "त्याने एक गोष्ट केली आहे, ती चालत नाही, असं मी सांगते. मग ते पुन्हा करतं." "आणि खरंच चालत नाही?" फोनमध्ये मागे कोणीतरी नळ सोडला. "नाही," ही म्हणाली. ताईला खोटं सांगताना लहानपणी हिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. अजूनही तापल्या, भिंतीकडे तोंड करून बसलेली असतानाही. "मग बिचाऱ्याला सोड की," ताई म्हणाली, "का उगाच छळतेस."

आणि छळच चालला होता. ती आता काहीच चालवून बघत नव्हती. नुसती थोडा वेळ जाऊ द्यायची आणि जुनीच लाल ओळ डकवायची. लिंबू आपलं धडधाकट काम उसवत सुटलं होतं. जी चूक नाहीच ती कुठे सापडायची? म्हणून ते जिथे बोट ठेवील तिथे त्याला चूक दिसू लागली. आधी त्याचं काम आटोपशीर होतं, चार शिवणी, बस्स. आता त्याला ठिगळं लागली, ठिगळांवर ठिगळं. सोमवारी त्याने लिहिलं, 'कदाचित मुळातच मला हे समजलेलं नाही.' मंगळवारी लिहिलं, 'तुम्ही किती शांतपणे सहन करता.' बिनकामाच्या ओळी कमी झाल्या. लिफ्ट गेली, कान लावणारा म्हातारा गेला, उरलं ते नुसतं आता बघा, आता बघा. ऑफिसात ती पडद्याकडे बघत बसलेली पाहून बडबड्या म्हणाला, "तुझा चेहरा असा का झालाय? कोणाला तरी विहिरीत ढकलून दोर शोधत असल्यासारखा." तो काहीही बोलायचा, त्यातलं एखादं लागायचं. ती म्हणाली, "दोर माझ्या हातातच आहे." "मग टाक की खाली." आणि तो उठून चहा आणायला गेला, जाता जाता पाणी पिण्याच्या यंत्राशी दोन शब्द बोलून.

बुधवारी राखणदार आला. तो क्वचित यायचा आणि शब्द जपून खर्च करायचा. 'ज्याने तक्रार केली त्याच्याकडेच चालत नसेल तर हे काम मला आत घेता येणार नाही,' त्याने लिहिलं. 'शिवाय आता ते फार गुंतागुंतीचं झालं आहे.' त्याखाली लिंबू. 'बरोबर आहे. माझं काम मी मागे घेणार आहे, शनिवारपर्यंत काही सापडलं नाही तर. हा माझा प्रांत नाही हे निदान कळलं. ठकीताई, तुमचा फार वेळ घेतला, माफ करा.' ठकीताई. तिने तिथे सही करताना फक्त ठकी लिहिलं होतं. ताई त्याने आपल्या मनाने लावलं होतं. जन्मात तिला कोणी ताई म्हटलं नव्हतं, धाकटीला कोण म्हणणार. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ऑफिस सुटताना बडबड्याला तिने "येते" म्हटलं आणि घरी येऊन दार लावलं. शनिवारी सकाळी ती लवकर उठली, केस धुतले, ओले केस पाठीवर सोडून टेबलाशी बसली, आणि एका दमात लिहिलं: 'चूक माझी आहे. तुमचं काम बरोबर आहे, अगदी पहिल्या दिवशी केलं होतं तेच बरोबर आहे. मी जुनीच प्रत चालवत होते.' एवढं पुरे होतं. एवढ्यावर सगळे हसले असते, राखणदारसुद्धा. लिंबूने हुश्श केलं असतं, म्हणालं असतं, अहो ठकीताई, होतं असं. आणि ते ज्या ठकीताईला तसं म्हणालं असतं ती कुठेच नव्हती. त्या भोळ्या, धांदरट, शांतपणे सहन करणाऱ्या बाईला हिने तयार केलं होतं, जसं ते खोटं टेबल केलं होतं. पाठीवरून पाण्याचा एक थेंब घरंगळत कमरेपर्यंत गेला. तो तिथे पोचेपर्यंत ती थांबली. मग पुढे लिहिलं: 'आणि हे मला गेल्या शनिवारपासून ठाऊक होतं.' पाठवलं.

त्यानंतरचं फार भराभर झालं. राखणदार आला, लिंबूचं पहिल्या दिवशीचं काम आत घेतलं, ठिगळं बाजूला ठेवली. 'आता हे चालेल,' त्याने लिहिलं. वर तक्रारीच्या नावापुढे शिक्का बसला: पूर्ण. एवढी वर्षं उघडं असलेलं दार असं लागलं की कडीचा आवाजसुद्धा नाही. ती तशीच बसून राहिली. ऊन टेबलावरून सरकत तिच्या मनगटापर्यंत आलं. केस वाळले. मग लिंबू आलं. 'ठाऊक होतं म्हणजे?' त्याने लिहिलं होतं. 'रोज कामावरून आल्यावर मी हेच घेऊन बसायचं. घरच्यांनी विचारलं की सांगायचं, तिकडे कोणीतरी अडलंय. काल मी त्यांना सांगितलं की मला या कामाची अक्कल नाही. ते म्हणाले, जाऊ दे, सगळ्यांना सगळं नसतं येत. आणि तुम्ही अडलाच नव्हतात. मग माझं बोलणं इतके दिवस कोणाशी चाललं होतं?' खाली नाव नाही, नमस्कार नाही, ठकीताई नाही. तिने ते वाचलं. तिला वाटलं होतं, लाज वाटेल. ती वाटलीच, कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत वाटली. पण त्या लाजेखाली आणखी काहीतरी हललं. हे वाक्य झाडूवाल्याने ठरावीक वेळी टाकलेलं नव्हतं, त्यात सौजन्य नव्हतं, त्याला पार्सरशी काही देणंघेणं नव्हतं. ते थेट तिच्या अंगावर फेकलेलं होतं, तिचं तोंड बघून. तिने चौकटीत लिहायला सुरुवात केली. आधी माफीचं काहीतरी लिहिलं, ते पुसलं. मग सबबीचं, ते पुसलं. मग लिहिलं, 'माझ्याशी,' आणि पुढे शब्द आपोआप यायला लागले, 'माझ्याशी चाललं होतं. इथे दुसरं कोणी नाही. तुम्ही विचारलंत कशासाठी लागतं, तेव्हा,' आणि चौकट करडी झाली. बोटं दोन अक्षरं पुढे गेली, ती उमटलीच नाहीत. वर राखणदाराची ओळ आली होती: 'काम झालं आहे. ही चर्चा आता बंद करतो. दोघांचे आभार.' तिने पान पुन्हा उघडून बघितलं. चौकट नव्हतीच आता. लिंबूच्या पानावर जाऊन बघितलं. पिवळं चित्र, खाली मोकळी जागा, लिहायला कुठे फट नाही. पुन्हा तक्रारीवर आली. लिंबूचा प्रश्न तिथे सगळ्यात शेवटी तसाच उभा होता, त्याच्यामागून येणारा जाणारा जो कोणी या गोष्टीच्या शोधात इथे येईल तो हेच वाचणार होता, कोणाशी, आणि खाली काही नाही.

ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. घरात फ्रीज तेवढा गुरगुरत होता, तोही थांबला. "माझ्याशी," ती म्हणाली. आवाज फाटका, घोगरा निघाला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. शुक्रवारी संध्याकाळी "येते" म्हटलं होतं तिने, त्यानंतर घशातून काही निघालंच नव्हतं. ती पाणी प्यायली, मग तिने पेला खाली ठेवला, लिंबूचा प्रश्न मोठ्याने वाचला, सगळा, पहिल्यापासून, आणि मग पाठ ताठ करून, नीट, ऐकू जाईल अशा आवाजात त्याला उत्तर दिलं.